मांडव उतरल्यानंतर : डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांचे जीवनकार्य

नेत्रशिबिर हा शब्द भारतात कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. शाळेच्या पटांगणात उभारलेला मांडव, ध्वनिक्षेपकावरून होणाऱ्या घोषणा, काठी टेकत आलेले वृद्ध आणि त्यांचा हात धरून आलेली नातवंडे हे दृश्य देशाच्या सर्व भागांत गेली अनेक दशके दिसत आले आहे. शिबिर भरते, मान्यवरांचे सत्कार होतात, शस्त्रक्रियांचा आकडा जाहीर केला जातो आणि मांडव उतरवला जातो. त्यानंतर त्या रुग्णांचे काय होते, हा प्रश्न फारसा विचारला जात नसे. मदुराईचे नेत्रशल्यविशारद डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी तो सातत्याने विचारला. त्याचे उत्तर शोधताना त्यांनी एका लहानशा घरात ११ खाटांचे रुग्णालय सुरू केले आणि जगातल्या सर्वांत मोठ्या नेत्रसेवा संस्थांपैकी एक संस्था उभी केली. डॉ. व्ही या संक्षिप्त नावाने ते जगभर ओळखले गेले.

वाळूवरची मुळाक्षरे

वेंकटस्वामी यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१८ रोजी तामिळनाडूतल्या वडमलापुरम या खेड्यात झाला. हे गाव त्या वेळच्या तिरुनेलवेली जिल्ह्यात, एट्टयपुरमजवळ होते. तमिळ महाकवी सुब्रह्मण्य भारती यांचे जन्मस्थान म्हणून एट्टयपुरम प्रसिद्ध आहे. वेंकटस्वामींचे घराणे शेतकऱ्याचे. भावंडांमध्ये ते थोरले होते. गावात शाळा नव्हती आणि पाटी-पेन्सिलही सहज मिळत नसे. नदीच्या पात्रातली वाळू आणून ती जमिनीवर पसरायची आणि तिच्यावर बोटाने अक्षरे गिरवायची, अशी त्यांच्या शिक्षणाची सुरुवात झाली. गुरे राखणे आणि शेतातली कामे करणे हा त्यांच्या बालपणाचा भागच होता.

त्या काळी खेड्यात डॉक्टर दुर्मीळ असत. वेंकटस्वामींच्या तीन चुलत बहिणी बाळंतपणातल्या गुंतागुंतीमुळे दगावल्या. वेळेवर उपचार मिळाले असते तर हे मृत्यू टळले असते, ही जाणीव त्या लहान मुलाच्या मनात खोलवर रुजली. आपण डॉक्टर व्हायचे आणि स्त्रियांच्या प्रसूतीचेच काम करायचे, असा निश्चय त्यांनी केला.

मदुराईच्या अमेरिकन महाविद्यालयातून १९३८ मध्ये त्यांनी रसायनशास्त्राची पदवी घेतली. पुढे मद्रासच्या स्टॅन्ले वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेऊन १९४४ मध्ये ते डॉक्टर झाले. दुसरे महायुद्ध अद्याप संपले नव्हते. वेंकटस्वामी सैन्याच्या वैद्यकीय विभागात दाखल झाले आणि १९४८ पर्यंत त्यांनी तेथे सेवा केली. सैन्यातून परतल्यावर प्रसूतिशास्त्राचे उच्च शिक्षण घ्यायचे, हा त्यांचा बेत ठरलेला होता.

वाकडी झालेली बोटे

हा बेत तडीस गेला नाही. ऐन तिशीत त्यांना संधिवाताने गाठले. हा साधा सांधेदुखीचा विकार नव्हता. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या सांध्यांवर उलटावी, असा तो तीव्र प्रकारचा संधिवात होता. जवळजवळ सर्व सांधे सुजले. दीर्घकाळ त्यांना अंथरुणावर पडून राहावे लागले. ज्या हातांनी शस्त्रक्रिया करायची, त्या हातांची बोटे कायमची वाकडी झाली. उभे राहण्याचा आणि चालण्याचाही त्यांना नव्याने सराव करावा लागला. प्रसूतिशास्त्रात तासन्‌तास उभे राहून करावी लागणारी कष्टाची कामे त्यांच्या आवाक्याबाहेर गेली होती.

अशा वेळी त्यांनी नेत्रवैद्यक हा विषय निवडला. वरकरणी पाहता ही निवड आश्चर्यकारक होती. डोळ्यावरची शस्त्रक्रिया अत्यंत नाजूक असते आणि तीत हाताची थोडीही थरथर चालत नाही. मात्र ही शस्त्रक्रिया बसून करता येते आणि तिच्यात बळापेक्षा नेमकेपणाला महत्त्व असते. वेंकटस्वामी यांनी आपल्या वाकड्या बोटांना मानवतील अशी उपकरणे करून घेतली आणि ती धरण्याचा चिकाटीने सराव केला. १९५१ मध्ये त्यांनी नेत्रवैद्यकातली पदविका आणि त्यानंतर १९५४ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळवली. या हातांनी त्यांनी पुढे एक लाखाहून अधिक नेत्रशस्त्रक्रिया केल्या.

या आजाराने त्यांची आयुष्यभर सोबत केली. वेदना कमी-अधिक होत राहिल्या, परंतु पूर्णपणे कधीच गेल्या नाहीत. वडिलांच्या निधनानंतर धाकट्या भावंडांची जबाबदारी थोरल्या वेंकटस्वामींवर आली. भावंडांची शिक्षणे आणि लग्ने त्यांनी पार पाडली, स्वतः मात्र अविवाहित राहिले. हेच कुटुंब पुढे त्यांच्या कार्याचा कणा ठरले.

शाळांच्या वर्गखोल्यांतील शस्त्रक्रिया

१९५६ मध्ये मदुराईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रविभागाचे प्रमुख म्हणून त्यांची नियुक्ती झाली. त्याचबरोबर शासकीय एर्स्किन रुग्णालयात नेत्रशल्यविशारद म्हणून ते काम पाहू लागले. हे रुग्णालय आज राजाजी शासकीय रुग्णालय या नावाने ओळखले जाते. पुढची वीस वर्षे त्यांनी या दोन्ही जबाबदाऱ्या सांभाळल्या.

रुग्णालयात येणाऱ्यांची संख्या मोठी असली तरी खेड्यापाड्यांतून न येणाऱ्यांची संख्या त्याहून कितीतरी मोठी आहे, हे त्यांच्या लवकरच लक्षात आले. या न येणाऱ्यांमध्ये बहुसंख्य मोतीबिंदूचे रुग्ण होते. डोळ्यातले नैसर्गिक भिंग वयोमानानुसार धूसर होते आणि प्रकाश आत जाण्याचा मार्ग अडतो. औषधाने ते पुन्हा स्वच्छ होत नाही, मात्र शस्त्रक्रियेने ते काढून टाकल्यास दृष्टी परत मिळते. अंधत्वाचे हे कारण दूर करण्याजोगे होते, तरीही लाखो माणसे अंधारात दिवस काढत होती. वार्धक्यात दृष्टी जायचीच, असे मानून घरच्यांनीही ते स्वीकारलेले असे. शेतमजुराच्या घरात न दिसणारे माणूस म्हणजे कमावता एक हात कमी आणि त्याची देखभाल करणारा दुसरा हात अडकलेला.

रुग्ण येत नसतील तर डॉक्टरांनीच त्यांच्याकडे जावे, हा विचार भारतात नवा नव्हता. पंजाबातल्या मोगा येथील डॉ. मथुरादास पाहवा यांनी मोतीबिंदूच्या सामुदायिक शस्त्रक्रियांचा मार्ग आधीच घालून दिला होता. तत्कालीन मुंबई प्रांतातल्या विजापूर जिल्ह्यात जन्मलेले डॉ. मुरुगप्पा चन्नवीरप्पा मोदी गावोगावी शिबिरे घेऊन विख्यात झाले होते. वेंकटस्वामी यांनी साठच्या दशकात आपल्या सहकाऱ्यांसह मदुराईच्या परिसरात फिरती नेत्रशिबिरे सुरू केली.

ही शिबिरे बहुधा शाळेच्या इमारतीत भरत. वर्गखोल्या धुऊन, निर्जंतुक करून तेथे शस्त्रक्रियेची मेजे मांडली जात. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांवर पट्ट्या बांधलेले रुग्ण रांगेने झोपून राहत. त्या काळच्या पद्धतीत रुग्णाने डोके न हलवता काही दिवस पडून राहणे आवश्यक असे. नातेवाईक सोबत राहत आणि भोजनाची व्यवस्था गावातली मंडळी किंवा सेवाभावी संस्था करत. पट्टी सोडल्यावर आपल्या माणसाचा चेहरा पुन्हा दिसला, की त्या खोलीतले वातावरण बदलून जाई. वेंकटस्वामी एका दिवसात शंभराच्या आसपास शस्त्रक्रिया करू लागले.

या शिबिरांनी त्यांना दोन गोष्टी शिकवल्या. व्यवस्था नीट असेल तर थोड्या डॉक्टरांकडून फार मोठे काम होऊ शकते, ही पहिली. दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी होती. मूळचे भिंग काढून टाकल्यानंतर रुग्णाला अतिशय जाड भिंगांचा चष्मा लावावा लागे. त्यातून वस्तू प्रत्यक्षाहून मोठ्या दिसत आणि कडेचे नीट दिसत नसे. चष्मा फुटला किंवा हरवला, तर तोच माणूस पुन्हा आंधळा होई. शिबिराच्या नोंदवहीत तो यशस्वी रुग्ण म्हणून कायम राही, घरात मात्र पुन्हा भिंत चाचपडत चाले. जंतुसंसर्ग झाला तर डोळाच गमावण्याची भीती होती आणि शिबिर उठून गेल्यावर तक्रार घेऊन जायला जागा नव्हती.

परिषदेतील भेट आणि राष्ट्रीय कार्यक्रम

१९६५ मध्ये वेंकटस्वामी अमेरिकेत अंधांच्या पुनर्वसनाविषयीच्या परिषदेला उपस्थित राहिले. तेथे त्यांची सर जॉन विल्सन यांच्याशी भेट झाली. विल्सन यांची दृष्टी शाळकरी वयात प्रयोगशाळेतल्या स्फोटात गेली होती आणि राष्ट्रकुलातल्या अंधांसाठी काम करणाऱ्या ब्रिटिश संस्थेचे ते संस्थापक होते. हीच संस्था पुढे साइटसेव्हर्स या नावाने ओळखली गेली. व्यावसायिक परिषदांमध्ये अनेक भेटी होतात आणि विसरल्याही जातात. ही भेट मात्र दीर्घ सहकार्याचा आरंभ ठरली. एक स्वतः अंध असलेला संघटक आणि एक वाकड्या बोटांचा शल्यविशारद असे हे दोघे, टाळता येण्याजोगे अंधत्व हा दैवाचा भाग नसून व्यवस्थेचा दोष आहे, हे शासनकर्त्यांना पटवून देऊ लागले.

दोघांनी तत्कालीन पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांच्यापुढे हा विषय मांडला. १९७६ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यामागे अनेकांचे परिश्रम होते आणि त्यांत वेंकटस्वामी यांचा वाटा महत्त्वाचा होता. मदुराईत त्यांनी अंधांच्या पुनर्वसनाचे केंद्र सुरू केले होते. अ जीवनसत्त्वाच्या अभावी दृष्टी गमावणाऱ्या बालकांसाठी पोषण केंद्र उभारले होते आणि नेत्रसहायकांच्या प्रशिक्षणालाही चालना दिली होती. १९७३ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले.

निवृत्तीनंतरचा आरंभ

१९७६ मध्ये वेंकटस्वामी शासकीय सेवेतून निवृत्त झाले. शिबिराने सुरू केलेले काम पूर्ण करणारी कायमची जागा हवी, हा विचार मनात पक्का झाला होता. त्यासाठी त्यांनी गोवेल न्यासाची स्थापना केली आणि मदुराईच्या अण्णा नगर भागातल्या एका घरात ११ खाटांचे रुग्णालय उघडले. योगी अरविंदांच्या विचारांचा त्यांच्यावर गाढ प्रभाव होता आणि पाँडिचेरीच्या आश्रमाशी त्यांचे जवळचे नाते होते. म्हणून रुग्णालयाला अरविंद हे नाव देण्यात आले. बडोद्याच्या वास्तव्यात अरविंदांना योगसाधनेचे मार्गदर्शन विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याकडून मिळाले होते, हे मराठी वाचकांना ज्ञात आहेच. स्वतःचे काम हीच साधना, ही त्या तत्त्वज्ञानातली धारणा वेंकटस्वामी यांनी रुग्णालयाच्या दैनंदिन व्यवहारात उतरवली.

हाती भांडवल नव्हते. घर गहाण पडले, कुटुंबातल्या स्त्रियांचे दागिनेही तारण म्हणून गेले. भगिनी डॉ. नाच्चियार आणि त्यांचे पती डॉ. नम्पेरुमालसामी हे दोघेही नेत्रतज्ज्ञ होते आणि ते या कामात आरंभापासून सहभागी झाले. बंधू जी. श्रीनिवासन यांनी बांधकामाची व हिशेबाची बाजू सांभाळली. पुढे व्यवस्थापनशास्त्राचे शिक्षण घेतलेले आर. डी. तुलसीराज चांगली नोकरी सोडून १९८१ मध्ये येऊन मिळाले. अल्प वेतन आणि दीर्घ कामाचे तास हा या सर्वांचा नित्यक्रम होता. घरातल्या थोरल्या भावाच्या शब्दाला मान असला, तरी त्याच्या ध्येयाचा भार कुटुंबातल्या प्रत्येकाने उचलला, हे नोंदवणे आवश्यक आहे. वेंकटस्वामी स्वतः रुग्णालयाकडून वेतन घेत नसत. शासकीय निवृत्तिवेतनावर त्यांचा साधा चरितार्थ चालत असे.

पैसे देऊ शकणाऱ्या रुग्णांकडून वाजवी शुल्क घ्यायचे आणि त्यातून शिल्लक राहील त्यावर गरिबांवर मोफत उपचार करायचे, असे सूत्र ठरले. कोणाची ऐपत किती, याची चौकशी केली जात नसे. कोणत्या विभागात जायचे हे रुग्णानेच ठरवायचे. दोन्ही विभागांत डॉक्टर तेच असत, खोलीच्या सोयींत मात्र फरक असे. पैसे साठतील तसतसा इमारतीचा एकेक भाग वाढत गेला. १९८१ मध्ये मदुराईतले मुख्य रुग्णालय उभे राहिले आणि १९८४ मध्ये मोफत उपचारांसाठी स्वतंत्र मोठी इमारत झाली. त्यानंतर १९८५ मध्ये थेनी, १९८८ मध्ये तिरुनेलवेली, १९९७ मध्ये कोइमतूर आणि २००३ मध्ये पाँडिचेरी येथे रुग्णालये सुरू झाली. बहुसंख्य रुग्णांवर मोफत किंवा अत्यल्प दरात उपचार करूनही ही संस्था देणग्यांवर अवलंबून राहिली नाही, हे तिचे वैशिष्ट्य व्यवस्थापनाच्या अभ्यासकांच्या कुतूहलाचा विषय ठरले. १९९३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यवस्थापन विद्यालयाने अरविंद रुग्णालयावर अभ्यासपत्रिका प्रसिद्ध केली आणि ती जगभरातल्या वर्गांत शिकवली जाऊ लागली.

कामाच्या गतीचे रहस्य

अमेरिकेच्या प्रवासात मॅक्डोनल्ड्स या खाद्यगृहांच्या साखळीने वेंकटस्वामी प्रभावित झाले होते. शाखा कोणत्याही गावात असो, पदार्थाचा दर्जा, कामाची पद्धत आणि किंमत यांत सातत्य असते, ही गोष्ट त्यांना मोलाची वाटली. नेत्रसेवा अशाच नेमकेपणाने गावोगावी का पोहोचू नये, हा विचार त्यांनी अनेक व्यासपीठांवरून मांडला. काही जणांना ही तुलना विचित्र वाटे. रुग्णालयातील काम पाहिल्यावर मात्र तिचा अर्थ उमजत असे.

शस्त्रक्रियागृहात एका शल्यविशारदासाठी दोन मेजे शेजारी शेजारी असत. एका मेजावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावरचा रुग्ण सज्ज केला जाई. पहिली संपताच डॉक्टर सूक्ष्मदर्शक फिरवून दुसरीकडे वळत. जे काम डॉक्टरनेच केले पाहिजे तेवढेच डॉक्टरने करायचे आणि तपासणी, मोजमाप, समुपदेशन अशी बाकीची कामे प्रशिक्षित सहायिकांनी करायची, अशी विभागणी होती. या सहायिका प्रामुख्याने खेड्यांतल्या मुली असत. शालेय शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांना दोन वर्षांचे प्रशिक्षण आणि पुढे नोकरी दिली जाई. अनेक शेतकरी कुटुंबांत पगार मिळवणारी पहिली स्त्री या मार्गाने घडली. रुग्णालयाची गती मोठी होती, तिचा भार पेलण्यात या मुलींचा वाटा डॉक्टरांइतकाच होता.

शिबिराचे रूप पालटले

अरविंद रुग्णालयाने शिबिरे बंद केली नाहीत, त्यांचे स्वरूप बदलले. शाळेच्या खोलीत शस्त्रक्रिया करणे थांबवण्यात आले. गावात फक्त तपासणी होऊ लागली. लायन्स व रोटरी मंडळे, गिरण्या, बँका आणि धार्मिक न्यास अशा स्थानिक संस्थांनी जागा, प्रचार आणि व्यवस्था पाहायची, तर रुग्णालयाने डॉक्टर पाठवायचे, अशी वाटणी झाली. ज्यांना शस्त्रक्रियेची गरज असे, त्यांना बहुधा त्याच दिवशी बसने रुग्णालयात नेले जाई. तेथे शस्त्रक्रिया होऊन काही दिवसांनी ते गावी परतत आणि नंतर पुनर्तपासणी होई.

बसची सोय हा वरकरणी लहान वाटणारा तपशील होता, पण त्यामागे मोठा धडा होता. शस्त्रक्रिया मोफत असूनही अनेक रुग्ण येत नसत. याची कारणे शोधली असता असे आढळले, की प्रवासाचा आणि जेवणाचा खर्च, सोबत येणाऱ्या माणसाची बुडणारी मजुरी, घरच्यांची अनिच्छा आणि भीती हे मुख्य अडथळे होते. मोफत या शब्दाचा अर्थ डॉक्टरच्या बाजूने एक आणि रुग्णाच्या बाजूने दुसरा होता. म्हणून प्रवास, भोजन, औषधे आणि चष्मा यांचाही समावेश मोफत सेवेत करण्यात आला. एकाच गावचे अनेक जण एका बसमधून जात असल्याने धीरही मिळू लागला.

तरीही समाधान मानावे अशी स्थिती नव्हती. संस्थेच्याच अभ्यासातून पुढे असे दिसले, की डोळ्यांच्या उपचाराची गरज असलेल्या ग्रामीण लोकांपैकी सुमारे ७ टक्के लोकच शिबिरात येतात. इतकी गर्दी, इतका गाजावाजा आणि इतके श्रम होऊनही ९० टक्क्यांहून अधिक माणसे बाहेरच राहत होती. शिबिरांच्या बळावर नावारूपाला आलेल्या संस्थेने हे वास्तव दडवून ठेवले नाही. २००४ च्या सुमारास खेड्यांजवळ कायमस्वरूपी दृष्टी केंद्रे उघडण्यास सुरुवात झाली. तेथे प्रशिक्षित सहायिका रुग्णाची तपासणी करते आणि दूरसंचार यंत्रणेद्वारे शहरातला डॉक्टर त्याच्याशी बोलून सल्ला देतो. वर्षातून एकदा भरणारा मांडव जाऊन रोज उघडणारे दार आले.

दोन रुग्ण, दोन भिंगे

ब्रिटिश नेत्रशल्यविशारद हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनमध्ये डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. प्रारंभीच्या विरोधानंतर ही पद्धत श्रीमंत देशांत रूढ झाली. तिच्यामुळे जाड चष्म्याची गरज उरली नाही आणि दृष्टी जवळपास नैसर्गिक राहू लागली. परंतु हे भिंग आयात करावे लागे आणि एका भिंगाची किंमत गरीब रुग्णाच्या कल्पनेपलीकडची होती. परिणामी ऐंशीच्या दशकात एकाच रुग्णालयात दोन प्रकारचे निकाल दिसू लागले. शुल्क भरणाऱ्याच्या डोळ्यात भिंग बसे, तर मोफत विभागातला रुग्ण जाड चष्मा घेऊन घरी जाई.

विकसनशील देशांत एवढी महागडी पद्धत व्यवहार्य नाही, गरिबांना चष्मा पुरेसा आहे, असे मत त्या वेळी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञवर्तुळांतही प्रबळ होते. परिषदांमधून त्यावर तीव्र मतभेद होत. वेंकटस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ही विषमता मान्य नव्हती. अमेरिकेतल्या सेवा फाउंडेशनशी त्यांचा १९७८ पासून, म्हणजे तिच्या स्थापनेपासून संबंध होता. भारतातल्या देवी निर्मूलन मोहिमेत काम केलेले डॉ. लॅरी ब्रिलियंट हे त्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक होते. या संस्थेशी संबंधित असलेले डेव्हिड ग्रीन आणि इतर सहकारी यांच्या मदतीने तंत्रज्ञान मिळवण्यात आले आणि १९९२ मध्ये मदुराईत ऑरोलॅब या कारखान्यात भिंगांचे उत्पादन सुरू झाले.

आयात भिंगाच्या तुलनेत ऑरोलॅबचे भिंग अगदी अल्प किमतीत, सुरुवातीला १० डॉलरच्या आसपास मिळू लागले आणि पुढे ती किंमत आणखी उतरली. त्यामुळे मोफत विभागातल्या रुग्णालाही तीच दृष्टी देणे शक्य झाले. टाके न घालता हाताने करण्याच्या लहान छेदाच्या शस्त्रक्रियेचा अवलंब आणि प्रसार अरविंद रुग्णालयाने मोठ्या प्रमाणावर केला. महागड्या यंत्राविना होणारी ही पद्धत भिंगाला पूरक ठरली. ऑरोलॅबची भिंगे नंतर शंभराहून अधिक देशांत पोहोचली. शिबिरातल्या नोंदवहीतला यशस्वी हा शेरा खऱ्या अर्थाने सार्थ होऊ लागला.

ज्ञान वाटून घेण्याची परंपरा

आपली पद्धत गुप्त ठेवावी, असे वेंकटस्वामी यांना कधी वाटले नाही. १९९२ मध्ये लायन्स संघटनेच्या साहाय्याने मदुराईत सामुदायिक नेत्रवैद्यक संस्था स्थापन झाली. देशातल्या आणि परदेशातल्या रुग्णालयांचे डॉक्टर, व्यवस्थापक आणि सहायक तेथे येऊन कामाची रीत शिकू लागले. हिशेब, वेळापत्रके आणि चुका या सर्व गोष्टी त्यांच्यापुढे मोकळेपणाने मांडल्या जात.

याच काळात राष्ट्रीय पातळीवरही बदल घडत होता. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने मोतीबिंदू नियंत्रण प्रकल्प सात राज्यांत राबवण्यात आला. त्यांत महाराष्ट्र आणि तामिळनाडू यांचा समावेश होता. तात्पुरत्या शिबिरांतल्या शस्त्रक्रियांऐवजी सुसज्ज रुग्णालयांतल्या शस्त्रक्रियांवर आणि कृत्रिम भिंग बसवण्यावर भर देणे, ही या प्रकल्पाची दिशा होती. गावात तपासणी आणि रुग्णालयात शस्त्रक्रिया ही रीत हळूहळू देशभर रुळली. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या एखाद्या आजीला तपासणीनंतर जिल्ह्याच्या ठिकाणी नेणारी गाडी ही याच बदलाची खूण होय.

अखेरची वर्षे

१९८७ मध्ये हेलन केलर यांच्या नावाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार वेंकटस्वामी यांना मिळाला. व्यावसायिक संघटनांनीही त्यांचा वेळोवेळी गौरव केला. मानसन्मानांमुळे त्यांच्या दिनक्रमात फरक पडला नाही. शस्त्रक्रिया थांबवल्यानंतरही ते नियमितपणे रुग्णालयात येत, रुग्णांची विचारपूस करत आणि दैनंदिनी लिहीत. वाकड्या बोटांनी लिहिलेल्या या वह्यांमध्ये कामाच्या नोंदींबरोबरच स्वतःच्या मनाचे कठोर परीक्षणही आढळते.

७ जुलै २००६ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी मदुराई येथे त्यांचे निधन झाले. त्या सुमारास अरविंदच्या रुग्णालयांमध्ये वर्षाला अडीच लाखांच्या आसपास शस्त्रक्रिया होत होत्या. व्यक्तीच्या तेजावर उभ्या असलेल्या सेवाभावी संस्था त्या व्यक्तीमागे बहुधा क्षीण होतात. अरविंदच्या बाबतीत तसे झाले नाही. २००८ मध्ये जागतिक आरोग्यासाठीचा गेट्स पुरस्कार आणि २०१० मध्ये कॉनरॅड हिल्टन मानवतावादी पुरस्कार या संस्थेला मिळाला. २०१७ मध्ये चेन्नई आणि २०१९ मध्ये तिरुपती येथे तिची रुग्णालये सुरू झाली. १ ऑक्टोबर २०१८ रोजी, वेंकटस्वामी यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, गुगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र प्रसिद्ध करून त्यांना अभिवादन केले.

देशातले अंधत्वाचे प्रमाण गेल्या पन्नास वर्षांत लक्षणीय घटले आहे. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या पाहणीत ते १.३८ टक्के होते, तर २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ते ०.३६ टक्के नोंदवले गेले. या काळात अंधत्वाची व्याख्या बदलली असल्याने या दोन आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. तरीही घट निर्विवाद आहे आणि तीत हजारो डॉक्टर, सहायक व स्वयंसेवक यांचा वाटा आहे. मोतीबिंदू हे मात्र आजही देशातल्या अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण आहे. गावोगावी शिबिरांचे मांडव अजूनही उभारले जातात आणि त्यांची आवश्यकताही संपलेली नाही.

वेंकटस्वामी यांनी शिबिरात किती शस्त्रक्रिया झाल्या याबरोबरच महिन्याभराने किती जणांना नीट दिसते आणि शिबिरात कोण आलेच नाही, हेही मोजण्याची शिस्त लावली. मांडव उतरल्यानंतर घरी परतलेल्या माणसाला दिव्याची वात स्वतः सारता आली, ताटातले अन्न ओळखता आले आणि शेताच्या बांधावरून एकट्याने चालता आले, तरच ते शिबिर सफल, हा निकष त्यांनी नेत्रसेवेला दिला.